बारावीनंतरचा ट्रॉम्बोन : नळीचे विज्ञान आणि नागपूरची हवा

शाळेच्या बँडमध्ये किंवा एनसीसीच्या पथकात ट्रॉम्बोन शिकलेल्या विद्यार्थ्याला बारावी झाली की ते वाद्य शाळेला परत करावे लागते, आणि महाविद्यालयात वादन चालू ठेवायचे असेल तर पहिल्यांदाच स्वतःच्या मालकीच्या वाद्याचा विचार करावा लागतो. नागपुरात असे विद्यार्थी संख्येने फार नसले, तरी पितळी वाद्ये या शहराला परकी नाहीत. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल सेंटर आहे, लग्नसराईत गल्लोगल्ली वरातीपुढे बँड वाजतो, आणि त्यातूनच गोडी लागलेला एखादा मुलगा वा मुलगी हे वाद्य जन्मभरासाठी हातात धरते. खरेदीच्या वेळी मात्र घरच्यांचे लक्ष कंपनीच्या नावाकडे, पितळेच्या चकाकीकडे आणि किमतीकडे जाते. माझे मत असे आहे की ट्रॉम्बोनमध्ये वाजते ती नळीतली हवा, आणि म्हणून त्या हवेला आकार देणाऱ्या गोष्टी, म्हणजे स्लाइड (हाताने पुढेमागे सरकवायची यू आकाराची नळी), नळीचा व्यास आणि माउथपीस (ओठांना लावायचा सुटा भाग), या आधी तपासाव्यात; धातूचा रंग सर्वांत शेवटी पाहावा.

नेहमीच्या टेनर ट्रॉम्बोनची नळी सरळ केली तर तिची लांबी सुमारे २.७ मीटर भरते. स्लाइड पूर्ण आत असताना ती बी-फ्लॅट या पाश्चात्त्य स्वराच्या मालिकेला जुळलेली असते. स्वर एका अर्धस्वराने, म्हणजे सा पासून कोमल रे इतक्या अंतराने बदलायचा, तर नळीची लांबी साधारण ५.९ टक्क्यांनी बदलावी लागते. खाली उतरताना पहिल्या पायरीला सुमारे १६ सेंटिमीटर जादा नळी लागते; स्लाइड यू आकाराची असल्याने हात मात्र निम्माच, म्हणजे ८ सेंटिमीटर पुढे जातो. पुढच्या प्रत्येक पायरीला आधीच वाढलेल्या लांबीचे ५.९ टक्के हवे असतात, त्यामुळे अंतरे वाढत जातात आणि, स्लाइडच्या ज्या सात ठरावीक जागांना स्थाने म्हणतात त्यांतल्या सहाव्यावरून सातव्यावर जाताना हात जवळजवळ ११ सेंटिमीटर सरकवावा लागतो. पहिल्यापासून सातव्या स्थानापर्यंतचा हा प्रवास सुमारे ५६ सेंटिमीटरांचा आहे, आणि द्रुत लयीतल्या एखाद्या तुकड्यात तो पुनःपुन्हा करावा लागतो. या वाद्यात स्वर पक्का करून देणाऱ्या कळा नाहीत. तो हात आणि कान मिळून शोधतात. स्लाइड अडखळत असेल, तर ती चूक विद्यार्थ्याच्या स्वरज्ञानाच्या नावावर जमा होते आणि तो वर्षानुवर्षे स्वतःलाच दोष देत राहतो.

स्लाइडमध्ये आतल्या दोन नळ्यांवर बाहेरच्या दोन नळ्या सरकतात. आतल्या नळ्यांवर बहुधा क्रोमचा मुलामा असतो आणि त्यांची टोके किंचित जाड ठेवलेली असतात, जेणेकरून घर्षण केवळ त्या टोकांपुरते राहावे. दोन भिंतींमधली फट मिलिमीटरचा एक अंश असते. ती वाढली तर हवा गळते आणि अनुनाद दुबळा होतो. नळी कुठे चेपलेली असेल किंवा दोन्ही पाय, म्हणजे यूच्या दोन बाजू, समांतर नसतील तर स्लाइड घासते. तपासणी अवघड नाही. आतल्या भागाचा एकच पाय बाहेरच्या नळीत घालून वरखाली करून पाहावा, मग दुसरा पाय तसाच पाहावा, आणि शेवटी दोन्ही पाय एकत्र. एकेक पाय मोकळा सरकतो पण दोन्ही एकत्र अडकतात असे दिसले, तर नळ्या सरळ आहेत, त्यांची समांतरता बिघडलेली आहे. एका पायाचे आतल्या नळीकडचे तोंड बोटाने बंद करून बाहेरची नळी ओढून काढताना हवेची ओढ जाणवली आणि सुटताना ‘फट्’ असा आवाज आला, तर जोड हवाबंद समजावा. दुकानदार हे करू द्यायला तयार नसेल, तर तिथून वाद्य घेऊ नये असे मी स्पष्टच सांगेन.

आता व्यासाचा प्रश्न, ज्याला वादक बोअर म्हणतात. शिकाऊ वाद्यांचा बोअर साधारण १२.७ मिलिमीटर असतो, मध्यम वाद्यांचा १३.३, आणि वाद्यवृंदात वापरल्या जाणाऱ्या मोठ्या टेनरचा १३.९ मिलिमीटरच्या आसपास. फरक जेमतेम सव्वा मिलिमीटरचा दिसतो, पण नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते, त्यामुळे लहान आणि मोठ्या बोअरमध्ये क्षेत्रफळाचा फरक वीस टक्क्यांपर्यंत जातो. ध्वनिलहरीला नळीकडून होणारा अवरोध क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने मोठ्या नळीत ओठांना समोरून मिळणारा टेकू कमी होतो. श्वासाचा आधार तयार झालेल्या वादकाला त्यातून रुंद, गडद स्वर मिळतो. तो तयार नसेल तर स्वर पोकळ आणि फिका येतो.

याच्याशी जोडलेली, आणि मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट ट्रॉम्बोनच्या झणझणीत आवाजाची आहे. ध्वनिलहरीत जास्त दाबाचा भाग किंचित अधिक उष्ण असतो आणि पुढच्या दिशेने वाहतही असतो, त्यामुळे तो कमी दाबाच्या भागापेक्षा थोडा वेगाने जातो. साध्या बोलण्यात हा फरक नगण्य असतो. ट्रॉम्बोनमध्ये मात्र जोराने फुंकल्यावर लहरीला दीडदोन मीटर जवळपास सरळ, न रुंदावणाऱ्या नळीतून जावे लागते, आणि तेवढ्या अंतरात मागचा भाग पुढच्याला गाठत जाऊन लहरीचा पुढचा उतार कड्यासारखा उभा होतो. भौतिकशास्त्रज्ञ हिर्शबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मोजमापांनी दाखवून दिले की अतिशय मोठ्या आवाजात ट्रॉम्बोनच्या नळीत खरोखरच आघातलहर (शॉक वेव्ह) तयार होते. वाद्यातून बाहेर पडणारा तो धारदार, धातूचा वाटणारा आवाज धातूचा नसून हवेचा आहे. तेवढाच आवाज काढण्यासाठी अरुंद नळीत दाब अधिक चढतो, म्हणून ती लवकर झणझणते. उघड्या मैदानावरील बँडला आणि जॅझला ते हवे असते, तर सभागृहातल्या वाद्यवृंदाला उशिरा झणझणणारी मोठी नळी सोयीची पडते. अभियांत्रिकीला किंवा वैद्यकीयला जाऊन महाविद्यालयाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या विद्यार्थ्याने १२.७ ते १३.३ मिलिमीटरमध्येच राहावे. पाश्चात्त्य संगीताच्या पदवीसाठी शहर सोडणाऱ्याला मोठा बोअर लागेल, आणि तो निर्णय तिथल्या शिक्षकांना विचारूनच घ्यावा.

माउथपीस सुटा असतो म्हणून तो दुय्यम मानला जातो, हे भौतिकशास्त्राला धरून नाही. एका टोकाला ओठांनी बंद असलेली निव्वळ सरळ नळी केवळ विषम संनादी स्वर, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या १, ३, ५ अशा पटींतले स्वर, देते. बेलचा, म्हणजे वाद्याच्या रुंदावणाऱ्या तोंडाचा, पसरट आकार खालचे अनुनाद वर उचलतो, माउथपीस वरचे अनुनाद खाली ओढतो, आणि दोघांच्या मेळातून जवळपास संपूर्ण स्वरमालिका जुळून येते. माउथपीसचा दांडा लहान आणि मोठा अशा दोन मुख्य मापांत मिळतो. चुकीच्या मापाचा दांडा जोडपट्टी लावून बसवला तर वाद्य वाजते, पण सप्तकांमधला मेळ बिघडतो.

हा मेळ तपासताना मोबाइलवरील ट्यूनर वापरावा, मात्र त्याने दाखवलेले प्रत्येक अंतर दोष मानू नये. शांत खोलीत तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेकडे कान दिला तर स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो मूळ स्वराचा पाचवा संनादी आहे, आणि समसमान विभागलेल्या पाश्चात्त्य सप्तकातील गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या सातव्या हिश्शाइतका, उतरलेला असतो. ट्रॉम्बोनचा पाचवा संनादी तोच आहे. सातवा तर सुमारे ३१ सेंट उतरलेला असतो, आणि पहिल्या स्थानावर नळी आणखी आखूड करता येत नसल्याने वादक तो तिथे वाजवतच नाहीत. दुसरा, चौथा आणि आठवा संनादी एकमेकांशी नीट जुळत नसतील, तर मात्र वाद्य परत ठेवावे.

अंगठ्याने दाबायचा एफ-ट्रिगर १८३९ मध्ये लाइपझिगचे वाद्यनिर्माते झाटलर यांनी आणला. तो दाबला की झडप फिरून सुमारे ९० सेंटिमीटर जादा नळी जोडली जाते आणि वाद्य पाच अर्धस्वरांनी खाली, एफवर येते. सहाव्या स्थानावरचा खालचा सी त्यामुळे पहिल्या स्थानावर मिळतो, हे आखूड हातांच्या विद्यार्थ्यासाठी फार मोलाचे आहे. मात्र नळी लांबल्यामुळे अर्धस्वरांची अंतरेही वाढतात आणि स्लाइडवर सातऐवजी सहाच स्थाने मावतात, त्यातले सहावे अगदी टोकाला. डाव्या हातावर वजन वाढते आणि झडपेची देखभाल गळ्यात पडते. वाद्यवृंदात जायचे नसेल, तर ट्रिगरवर जाणारा पैसा चांगल्या स्लाइडकडे वळवावा.

धातूबद्दल थोडक्यात. पिवळ्या पितळेत तांबे सुमारे ७० टक्के आणि उरलेले जस्त असते. गोल्ड ब्रासमध्ये तांबे ८५ टक्क्यांच्या, रोज ब्रासमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास. ध्वनिशास्त्रज्ञ रिचर्ड स्मिथ यांनी १९८० च्या दशकात वेगवेगळ्या जाडीच्या बेल लावून अनुभवी वादकांची परीक्षा घेतली, तेव्हा डोळे झाकलेल्या वादकांना त्या ओळखता आल्या नाहीत. तांब्याचे प्रमाण खरे उपयोगी पडते ते टिकाऊपणासाठी. श्वासातील ओलावा आणि लाळ यांमुळे पितळेतले जस्त निघून जाते आणि आतून बाहेर येणारे लालसर ठिपके दिसू लागतात. जुने वाद्य घेताना माउथपीसजवळच्या नळीवर असे ठिपके शोधावेत. जास्त तांब्याच्या नळीला हा रोग उशिरा लागतो.

नागपूरकराला एक विचार जास्तीचा करावा लागतो, तो तापमानाचा. हवेतला ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांवर तो सुमारे ३३८ मीटर असतो, तर मे महिन्यातल्या ४५ अंशांवर ३५८. नळी तीच, वेग जवळपास ६ टक्क्यांनी अधिक, म्हणजे स्वर जवळपास एक पूर्ण अर्धस्वर चढलेला. उन्हात पितळही प्रसरण पावते, पण एवढ्या तापमानफरकात २.७ मीटर नळी दोन मिलिमीटरही लांबत नाही, त्यामुळे प्रसरणाने ही चढ भरून निघत नाही. प्रत्यक्षात शरीराच्या तापमानाच्या आसपासची फुंकलेली हवा नळीचे तापमान थोडे सावरते आणि फरक याहून कमी पडतो, तरी वातानुकूलित सभागृहात जुळवलेले वाद्य कस्तुरचंद पार्कसारख्या मोकळ्या मैदानावर चढलेले लागणारच. म्हणून घेताना ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे मूळ सूर जुळवण्याची वेगळी सरकती नळी, बरीच बाहेर ओढता येते का आणि ओढल्यावरही घट्ट राहते का, हे पाहावे. हिवाळ्यात उलट अडचण येते: ती पूर्ण आत असूनही स्वर उतरलेलाच राहिला, तर पुढे काहीच करता येत नाही. त्यामुळे वादनाआधी काही मिनिटे आवाज न काढता वाद्यात श्वास सोडत राहावे.

उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत स्लाइड मोकळी सरकावी म्हणून तिच्यावर मारलेले पाणी लवकर उडते. नळाच्या क्षारयुक्त पाण्याचा पांढरा थर नळ्यांवर बसतो, म्हणून फवाऱ्याच्या बाटलीत शुद्ध केलेले पाणीच भरावे आणि स्लाइड क्रीम दर आठवड्याला पुसून नव्याने लावावे. पावसाळ्यात वाद्य पेटीत ठेवण्यापूर्वी आतले पाणी काढून नळ्या कोरड्या कराव्यात.

पैशांबाबत वास्तव असे आहे की मेरठमध्ये बनणारी वाद्ये काही हजारांत मिळतात, तर व्यावसायिक दर्जाचे परदेशी वाद्य लाखांच्या घरात जाते. मेरठची वाद्ये वरातीच्या बँडने पिढ्यान्‌पिढ्या वाजवली आहेत. त्यातली एखादी घ्यायची तर मागवून घेण्याऐवजी हातात घेऊन, स्लाइडची वर सांगितलेली तपासणी करूनच घ्यावी. मधला मार्ग नामांकित कंपनीच्या वापरलेल्या शिकाऊ वाद्याचा आहे. बेलवरच्या पोच्याने आवाजात फारसे बिघडत नाही आणि तो कुशल कारागीर काढू शकतो, त्यामुळे त्या कारणाने किंमत उतरलेले वाद्य फायद्याचे ठरते. बाहेरच्या स्लाइडवरच्या पोच्याकडे मात्र तो दिसायला कितीही लहान असला तरी दुर्लक्ष करू नये, आणि आतल्या नळ्यांचा क्रोम झिजून खालचा धातू दिसत असेल तर वाद्य स्वस्तातही घेऊ नये, कारण ती स्लाइड नव्याने बसवायची म्हटली तर तिचा खर्च अनेकदा वाद्याच्या किमतीला भिडतो.