तास कायद्याचे, मजुरी मैलांची: अमेरिकी ट्रकचालकांच्या लॉगबुकची पार्श्वभूमी

अमेरिकेत कामाच्या तासांवरची मर्यादा आधी रेल्वे कर्मचाऱ्यांना मिळाली, १९०७ मध्ये. ट्रकचालकांना त्यासाठी १९३५ च्या मोटर कॅरियर कायद्यापर्यंत थांबावं लागलं. या कायद्याने आंतरराज्य ट्रकवाहतूक इंटरस्टेट कॉमर्स कमिशन या आंतरराज्य व्यापारावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगाच्या अखत्यारीत आणली. आयोगाने १९३७ च्या अखेरीस काढलेले पहिले नियम कामगार संघटनांना फार सैल वाटले. त्यांच्या आक्षेपांनंतर १९३८ मध्ये सुधारित मर्यादा ठरली: चोवीस तासांत दहा तास ड्रायव्हिंग, आठ तास सलग विश्रांती, आणि एकूण काम आठवड्याला ६० किंवा आठ दिवसांत ७० तास. हे तपासता यावं म्हणून चालकाने स्वतःच्या हाताने लॉग, म्हणजे काम आणि विश्रांतीच्या वेळांची नोंदवही, भरायचा, हेही तेव्हाच रुजलं.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. चाळीस तासांवरच्या कामाला दीडपट मजुरी देणारा फेअर लेबर स्टँडर्ड्स कायदा १९३८ चाच. पण ज्यांचे तास इंटरस्टेट कॉमर्स कमिशन ठरवू शकतं, त्यांना त्यातल्या ओव्हरटाइमच्या तरतुदीतून वगळलं गेलं. लांब पल्ल्याच्या चालकांची मजुरी मैलांवर ठरत राहिली. गोदामाच्या दारात माल भरण्या-उतरवण्यासाठी ताटकळत काढलेल्या वेळेचे अनेकदा काहीच मिळत नसे. कायदा तास मोजत होता, पगार मैल मोजत होता, आणि दोन्हींचा मेळ घालायचं काम चालकाच्या पेन्सिलीवर पडलं.

१९६२ मध्ये चोवीस तासांची अट काढली गेली. सकाळी सहाला निघालेला चालक दुपारी चारला थांबला, तर रात्री बाराला पुन्हा निघू शकत होता. म्हणजे दुसऱ्या सकाळी सहापर्यंत सोळा तास ड्रायव्हिंग, आणि सगळं नियमात! माणसाची झोप अशी रोज सहा तासांनी सरकत नाही. तरीही ही व्यवस्था चाळीस वर्षांहून जास्त टिकली.

१९८० च्या कायद्याने वाहतूक क्षेत्र खुलं झालं. नव्या कंपन्या आल्या, दर पडले, त्यांच्यामागोमाग चालकांची कमाईही घसरली. कमाई टिकवायची तर जास्त मैल हवेत, आणि लॉगमध्ये तर दहाच तास. मग दोन-दोन वह्या ठेवणं, थांब्याच्या वेळा मागेपुढे करणं सर्रास चालू झालं. चालक त्या वहीला ‘कॉमिक बुक’ म्हणत. यात सगळा दोष चालकांवर टाकणं मला पटत नाही. माल कधी पोचायला हवा, हे ते ठरवत नव्हते.

थकव्याचा विचार करून नियम नव्याने आखा, असं काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९९५ मध्ये सांगितलं. ते नियम लागू व्हायला जानेवारी २००४ उजाडलं: अकरा तास ड्रायव्हिंग, तेही कामाला लागल्यापासून चौदा तासांच्या आत, आणि दहा तास विश्रांती. त्याच वर्षी अपील न्यायालयाने ते रद्द ठरवले, कारण चालकांच्या आरोग्यावर काय परिणाम होईल याचा विचारच झाला नव्हता. पुढची कित्येक वर्षं दुरुस्त्या आणि खटल्यांत गेली, पण अकरा आणि चौदाचा आराखडा टिकला.

कागदी वही मात्र गेली. २०१२ च्या कायद्यानुसार इलेक्ट्रॉनिक लॉगिंग यंत्र सक्तीचं झालं, आणि १८ डिसेंबर २०१७ पासून ते लागू झालं. यंत्र इंजिनाला जोडलेलं असतं. गाडी हलली की ड्रायव्हिंगची नोंद आपोआप सुरू. तासांचे भंग घटले. पण छोट्या कंपन्यांच्या चालकांवर वेगमर्यादा मोडल्याच्या कारवाया वाढल्याचं संशोधनात दिसलं. चौदा तासांचं घड्याळ गोदामाच्या रांगेतही चालूच राहतं, आणि तिथे गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढण्याचा मोह होतो.

युरोपने यंत्र खूप आधी स्वीकारलं. टॅकोग्राफचा, म्हणजे गाडी चालवल्याच्या वेळा आपोआप नोंदवणाऱ्या यंत्राचा, नियम तिथे १९७० चा आहे. शिवाय २००६ च्या नियमावलीत एक कलम आहे: रस्तासुरक्षा धोक्यात येईल अशा रीतीने अंतरावर किंवा वाहिलेल्या मालाच्या प्रमाणावर मोबदला देण्यास मनाई. अमेरिकेच्या तासांच्या नियमांत असं कलम नाही. १९३८ ची ओव्हरटाइमची सूट काढून टाकणारं विधेयक २०२२ मध्ये काँग्रेसमध्ये मांडलं गेलं, पण ते मंजूर झालं नाही.