पार्श्वभूमी : 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द आणि त्यामागची दहा वर्षे

ऑनलाइन प्रशिक्षणाची लिंक आली की शिक्षकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो तो शेवटच्या तारखेचा. दुसरा, प्रमाणपत्र कधी डाउनलोड होणार याचा. विषय काय आहे हे बरेचदा कुणी विचारतच नाही. यावरून शिक्षकांना शिकायचे नसते असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो अन्यायाचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांमधले शिक्षक मोबाइलवरून एकमेकांकडून शिकू लागले, तेव्हा ना तारीख होती ना प्रमाणपत्र. तंत्रज्ञान वापरणाऱ्या अशा शिक्षकाला पुढे 'तंत्रस्नेही' म्हटले गेले; ही त्या शब्दामागची गोष्ट.

नोकरीत असताना शिकत राहण्याची सोय जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात शिक्षकांसाठी निघणारे शालापत्रक १८७५ मध्ये बंद पडले. १९८६ च्या धोरणानंतर डाएट म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या, १९९० च्या दशकात केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट आणि त्याचे केंद्रप्रमुख आले. या सगळ्यात बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक अशीच रचना राहिली. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, खरी देवाणघेवाण व्हायची ती चहाच्या वेळेत, व्हरांड्यात.

२००१ नंतर एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा आली. शाळेत संगणक नव्हता, असला तर वीज नव्हती, तरी शिक्षक तालुक्याच्या गावी जाऊन वर्ड आणि एक्सेल शिकून आले. ती उत्तीर्ण होण्यासाठी ३१ डिसेंबर २००७ ही मुदत ठरली. मुदतीनंतर उत्तीर्ण झालेल्यांच्या वेतनवाढी रोखण्याचे आणि दिलेली रक्कम वसूल करण्याचे वाद पुढे बरीच वर्षे चालले. संगणक वर्गात पोहोचण्याआधी सेवापुस्तकात पोहोचला, ही नोंद पुढच्या सगळ्या गोष्टींसाठी महत्त्वाची आहे.

खरा बदल झाला तो साधारण २०१३ ते २०१६ या काळात. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधले (बीट म्हणजे शाळांचा प्रशासकीय गट) ज्ञानरचनावादी, म्हणजे मुले साहित्य हाताळत स्वतः शिकतात असे, वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. जीप ठरवून, वर्गणी काढून, सुटी टाकून. परतताना त्यांच्या मोबाइलमध्ये फोटो असायचे: फरशीवर ऑइलपेंटने आखलेले तक्ते, दशकाचे गठ्ठे, चिंचोके, बाटल्यांची झाकणे. ज्यांना जाता आले नाही त्यांनी ते फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिले आणि पुढच्या रविवारी आपल्या वर्गात ब्रश हातात घेतला. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेतले डिजिटल साहित्यही असेच गावोगाव पोहोचले आणि लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टीव्ही येऊ लागले.

ग्रुपमध्ये तेव्हा आधी पन्नास, मग शंभरच माणसे मावत. त्यामुळे 'भाग २', 'भाग ३' असे ग्रुप निघत, आणि दोन्हीकडे असलेला एखादा शिक्षक इकडचे तिकडे पोहोचवत राही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मर्यादा २५६ झाली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आले आणि व्हिडिओ पाठवताना डेटा संपण्याची भीती गेली. एक अडचण मात्र कुणाच्याच लक्षात राहिलेली नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली चाचणी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडली की अर्थहीन अक्षरे दिसायची. युनिकोड म्हणजे काय, कीबोर्ड कुठला घ्यायचा, जोडाक्षर कसे काढायचे, हे शिक्षकांनी एकमेकांना रात्री अकरा वाजता समजावून सांगितले. यातून शिक्षकांचे शेकडो ब्लॉग उभे राहिले. कुठल्याही प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात हा तास नव्हता.

'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या कार्यक्रमाच्या २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने या हालचालीला बळ दिले, हे मान्यच करायला हवे. त्या सुमारास 'तंत्रस्नेही' हा शब्द रूढ झाला. त्याच्यापाशी थोडे थांबावे लागेल, कारण पुढचा बराच गोंधळ या शब्दातूनच निघाला.

घडण 'पर्यावरणस्नेही'सारखी आहे. पर्यावरणस्नेही म्हणजे पर्यावरणाला न दुखावणारी वस्तू. तंत्रस्नेही मात्र माणसाला लावले गेले, आणि अर्थ झाला तंत्रज्ञान आवडणारा, ते वापरता येणारा. आवडणे आणि येणे या दोन वेगळ्या गोष्टी इथेच एक झाल्या. शिवाय डी.एड. झालेल्या माणसासाठी 'तंत्र' हा शब्द नवा नव्हता. प्रश्न विचारण्याचे तंत्र, फलकलेखनाचे तंत्र, कथाकथनाचे तंत्र असे शब्द त्याने पाठ टाचणांत लिहिलेले होते. त्या अर्थाने पाहिले तर गोष्ट सांगताना मुलांना खिळवून ठेवणाऱ्या, मोबाइल न वापरणाऱ्या बाईही तंत्रस्नेहीच. पण 'तंत्रज्ञान'मधले 'ज्ञान' गळाले, 'तंत्र' उरले आणि त्याचा अर्थ यंत्र असा झाला.

कार्यशाळा सुरू झाल्या, याद्या झाल्या, माहितीच्या नमुन्यात 'तंत्रस्नेही शिक्षक संख्या' असा रकाना आला. रकाना आला की निकष लागतो. ब्लॉग आहे का, अ‍ॅप बनवले का, व्हिडिओ किती? दुसऱ्याचा व्हिडिओ पाहून आपला भागाकाराचा पाठ बदलणारा शिक्षक या मोजणीत कुठेच बसत नव्हता. साधन वापरायला शिकणे आणि साधनातून शिकणे यांतला फरक त्या रकान्याने पुसला. ज्यांची नावे यादीत होती त्यांच्याही वाट्याला फार सुख आले नाही. ऑनलाइन माहिती भरण्याचे केंद्रातले प्रत्येक काम त्यांच्याकडे येऊ लागले, आणि तेही वर्ग सोडून.

पुढे २०१७ च्या शिक्षक दिनी दीक्षा हे शिक्षणाचे ऑनलाइन व्यासपीठ आले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्यांनी आधी हौसेने शिकून घेतले होते तेच इतरांचे आधार ठरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शिक्षकाला दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला. त्याची चर्चा इतकी झाली आहे की इथे पुन्हा नको.

महत्त्वाचे वळण निष्ठा या केंद्र सरकारच्या शिक्षक प्रशिक्षणाचे. ते ऑक्टोबर २०२० पासून ऑनलाइन झाले: १८ घटक, प्रत्येकाच्या शेवटी प्रश्नमंजूषा. काही दिवसांतच प्रश्नांची उत्तरे फिरू लागली, आणि फिरली ती त्याच ग्रुपांवरून, ज्यांवरून कधीकाळी फरशीवरच्या तक्त्यांचे फोटो फिरले होते. शिक्षकांना नावे ठेवणे सोपे आहे. पण पूर्ततेची टक्केवारी रोज तालुकानिहाय मागितली जात असेल, तर माणूस पूर्तताच करणार.

२०२२ मध्ये वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवडश्रेणीचे प्रशिक्षणही ऑनलाइन झाले. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतरचा वाढीव वेतनाचा हक्क, त्यासाठी शुल्क, लॉगिन आणि स्वाध्याय. त्याआधी ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने हीच वेतनश्रेणी शाळेच्या श्रेणीशी जोडली होती आणि त्यावरून मोठा संघर्ष झाला होता. त्या अनुभवानंतर कोणत्याही पोर्टलकडे शिक्षक शिकण्याची जागा म्हणून पाहतील, अशी अपेक्षाच चुकीची होती.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणात वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाचा उल्लेख आहे, आणि तो शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीला धरून असावा असेही त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात तासच मोजले जातात.

सप्टेंबर २०२४ मध्ये संचमान्यता (शाळेतली शिक्षकांची पदे ठरवण्याची पद्धत) आणि कंत्राटी नेमणुकांच्या विरोधात प्राथमिक शिक्षकांनी आंदोलन केले. त्यात प्रशासकीय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडण्याचा कार्यक्रमही होता. दहा वर्षांपूर्वी 'प्रशासकीय' हे विशेषण लावावे लागत नव्हते. ग्रुप म्हटले की तो शिक्षकांचाच असे.