ब जीवनसत्त्वे आणि हाडांचे आरोग्य

फॉलिक अम्ल, ब१२ व ब६ या जीवनसत्त्वांची शरीरातील पातळी आणि हाडांची बळकटी यांच्यातील संबंध. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या मानाने हा विषय अलीकडचा असून त्यावर अजून एकमत नाही.

यांपैकी फॉलिक अम्लाच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली. इंग्रज वैद्य ल्यूसी विल्स १९२८ च्या सुमारास येथे आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी कापड गिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांना होणाऱ्या एका विशिष्ट रक्तक्षयाचा अभ्यास केला. मार्माइट या स्वस्त यीस्ट-अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक अम्ल वेगळे करण्यात आले. त्या काळी लक्ष रक्ताकडे होते. हाडांचा विचार बराच नंतर पुढे आला.

तो आला होमोसिस्टीनमुळे. मेथायोनीन या अमिनो अम्लापासून शरीरात होमोसिस्टीन तयार होते. त्याचे पुन्हा मेथायोनीन होण्यास फॉलिक अम्ल व ब१२ लागतात, तर त्याचा पुढे निचरा होण्यास ब६. यांची उणीव पडली की ते रक्तात साचते. होमोसिस्टिन्यूरिया या दुर्मिळ आनुवंशिक विकारात ते अतोनात वाढते आणि हाडे कोवळ्या वयातच विरळ होतात. त्यावरून, साचलेले होमोसिस्टीन हाडातील कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची आडवी बांधणी बिघडवते, असा तर्क मांडला गेला. २००४ मध्ये नेदरलँड्स व अमेरिकेतील दोन पाहण्यांत होमोसिस्टीन जास्त असलेल्या वृद्धांत अस्थिभंग अधिक आढळले. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील पुरुषांत खुब्याच्या अस्थिभंगाचा धोका होमोसिस्टीन सर्वांत जास्त असलेल्या गटात, सर्वांत कमी असलेल्या गटाच्या मानाने, जवळजवळ चौपट होता.

गोळ्या देऊन पाहिल्यावर मात्र हा संबंध टिकला नाही. जपानमधील एका चाचणीने खुब्याचे अस्थिभंग पुष्कळ घटल्याचे सांगितले होते, पण तो निबंध पुढे मागे घेण्यात आला. जुन्या लेखांत त्याचा दाखला अजून भेटतो, तो ग्राह्य धरू नये. नेदरलँड्समधील २,९१९ वृद्धांच्या चाचणीत दोन वर्षे रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल व ५०० मायक्रोग्रॅम ब१२ दिले. होमोसिस्टीन उतरले, अस्थिभंग एकंदरीत कमी झाले नाहीत. तेव्हा होमोसिस्टीन हे हाडांच्या दुबळेपणाचे कारण नसून निकृष्ट आहार, वार्धक्य व मूत्रपिंडाची मंदावलेली क्रिया यांची खूण असावी, हे मत अधिक पटते. ब१२ चा अस्थिजनक पेशींवर थेट परिणाम होतो, या मताला मात्र प्रयोगांचा काही आधार आहे.

मुंबईत प्रश्न मुख्यतः ब१२ चा आहे. ते वनस्पतींत जवळजवळ नसते. मासळी, अंडी, मांस, दूध व दही यांतून मिळते. बोंबील-बांगडा खाणाऱ्या घरांपेक्षा शुद्ध शाकाहारी, त्यातही दूध कमी घेणाऱ्या घरांत उणिवेची शक्यता जास्त. मधुमेहावर वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ती आढळते. दीर्घ उणिवेत पायांना मुंग्या येतात, पाऊल कोठे पडते याची जाणीव बोथट होते आणि अंधारात तोल जातो. जुन्या चाळीच्या काळोख्या जिन्यावर असा वृद्ध पडला, तर हाडाची घनता बरी असूनही खुबा मोडू शकतो. अस्थिभंगाची ही वाट घनतेच्या तपासणीत दिसत नाही.

सिद्ध झालेली उणीव भरून काढणे मज्जातंतू व रक्त यांसाठी आवश्यकच आहे. केवळ हाडांसाठी मोठ्या मात्रा घेण्यास आधार नाही. ब६ च्या मोठ्या मात्रांबाबत तर नॉर्वेतील चाचण्यांच्या उत्तरकालीन पाहणीत खुब्याचे अस्थिभंग काहीसे वाढल्याचे दिसले.