धुराने थंडी अडते का?

डिसेंबर-जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा उतरला की बातम्यांत दोन गोष्टी हमखास दिसतात: कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला किमान तापमानाचा आकडा आणि द्राक्षबागेत पेटलेल्या शेकोट्यांचा फोटो. फोटोखाली ‘धूर करून बाग वाचवण्याची धडपड’ अशी ओळ असते. शेकोटीचा उपयोग होतो, धुराचा जवळजवळ नाही.

ऊन, हवा, पाणी, माती ही अजैविक घटकांची यादी शाळेत पाठ केलेली असते. बागेत मात्र ही मंडळी एकेकटी काम करत नाहीत. दिवस मावळला की जमीन, वेली, मांडवाच्या तारा, सगळेच अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता सोडत राहतात. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल तर दर चौरस मीटरमागे ५० ते १०० वॉट निघून जातात. मधला ७५ धरला तर एकरामागे सुमारे ३०० किलोवॉट झाले. म्हणजे दोन किलोवॉटचे दीडशे गीझर रात्रभर चालू. आकाशाकडे तोंड करून असलेले वरचे पान तर आजूबाजूच्या हवेपेक्षाही एक-दोन अंशांनी गार होते. खाली लोंबणाऱ्या घडाला वरून पानांचे छप्पर असते, म्हणून तो थोडा बचावतो.

आता धूर. जमिनीतून निघणाऱ्या या किरणांची तरंगलांबी १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही बारीक. एवढे बारीक कण एवढ्या लांब लहरींना अडवू शकत नाहीत. ढगातले थेंब १०-२० मायक्रॉनचे असतात आणि ढगही जाड असतो, म्हणून ढगाळ रात्र उबदार. उलट सूर्यप्रकाशाची लहर अर्ध्या मायक्रॉनची. ती याच धुराला अडते. म्हणजे रात्रीची उष्णता निसटते ती निसटतेच, वर सकाळचे ऊनही उशिरा पोचते. टायर जाळले तर घडांवर काजळी बसते, ते आणखी वेगळे. बांधावर टांगलेली काळी बाहुली आणि ‘थंडीरोधक’ म्हणून खपवलेली महागडी टॉनिके, दोन्हींना हा ३०० किलोवॉटचा हिशेब विचारून पाहावा.

शेकोटीचे खरे काम उष्णता देणे आणि हवा ढवळणे. किलोभर वाळक्या लाकडातून साधारण चार युनिट ऊर्जा मिळते; सगळी बागेतच राहिली असे धरले तरी एकरी तासाला ७५ किलो सरपण लागेल. अशा रात्री जमिनीलगतची हवा गार आणि काही मीटर वरची त्याहून उबदार असते. लहान शेकोटीची गरम हवा त्या थरापाशी अडते आणि आसपासची हवा मिसळते. मोठ्या जाळाची हवा थर फोडून वर निघून जाते. म्हणून एका मोठ्या जाळापेक्षा ओळींमध्ये विखुरलेल्या लहान शेकोट्या बऱ्या. आधी सखल कोपरा गाठावा, कारण गार हवा जड असते, उताराने येऊन तिथे साचते. पारा सर्वांत खाली जातो तो सूर्योदयाच्या सुमारास. मध्यरात्रीच सरपण संपवले तर ऐन वेळी हात रिकामे राहतात.

सरपणापेक्षा स्वस्त साठा जमिनीत असतो. ओली, तण काढलेली काळी माती दिवसा जास्त ऊब धरते आणि रात्री ती सोडते. कोरड्या, भुसभुशीत मातीत ऊब वरच्या थरातच राहते. बोदावरचे (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावरचे) पाचट पाणी वाचवते खरे, पण मातीची ऊबही खालीच दाबून धरते. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असते. ते बागेत सोडले तर लिटरभर पाणी १० अंशांनी निवताना सुमारे ४२ किलोजूल ऊब देते.

मात्र घडात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर, पाणी देताना हात आखडावा. गार रात्री पानांतून बाष्पोत्सर्जन जवळपास थांबते, मुळे मात्र ओल्या, उबदार मातीतून पाणी ढकलत राहतात. ते मण्यांत शिरते, साल ताणते आणि मणी तडकतो. म्हणून या अवस्थेत रात्रभर ठिबक चालू ठेवण्यापेक्षा दिवसा, थोडे थोडे आणि वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असल्याची स्थिती) पाहूनच पाणी द्यावे.