चिलिकाचं तोंड

भूगोलाच्या पुस्तकात 'खाजण' म्हणजे वाळूच्या दांड्यानं समुद्रापासून अलग पडलेलं सरोवर, आणि उदाहरण ठरलेलं: ओडिशातलं चिलिका. (आमच्या कोकणात खाजण म्हणजे खाडीकाठची भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन, पण ते असो.) चिलिकाचं पाणी ना धड खारं, ना धड गोडं. पावसाळ्यात दया, भार्गवी हे महानदीचे फाटे उत्तरेकडून गोडं पाणी आणतात, तेव्हा सरोवर अकराशे चौरस किलोमीटरच्या वर पसरतं. उन्हाळ्यात ते नऊशेच्या आसपास आक्रसतं आणि समुद्राचं खारं पाणी आतवर चढतं.

या खाऱ्या-गोड्याच्या हिशेबावर तिथलं सगळं चालतं. चिंबोरीची मादी आत वाढते, पण अंडी फुटायची वेळ आली की समुद्र गाठते. बोय माशाचंही तेच. टायगर कोळंबी जन्मते समुद्रात, पण नखाएवढी असतानाच भरतीबरोबर आत शिरते, कारण उथळ पाण्यात खायला भरपूर. जाण्यायेण्याची मुख्य वाट मात्र एकच: सरोवराचं तोंड.

आणि वाळू नेमकी तेच बुजवते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा किनाऱ्यावर तिरप्या आदळतात आणि वाळू ईशान्येकडे ढकलत नेतात. वाळूचा दांडा वाढत जातो, तोंड त्याच्यापुढं सरकत राहतं, सरोवरापासून समुद्रापर्यंतचा मार्ग लांबतो. लांबलेल्या अरुंद मार्गातून भरती आत पोचेपर्यंत दमून जाते, ओहोटीला गाळ बाहेर काढण्याचं बळ उरत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस हेच झालं. पाणी गोडं होत गेलं, उत्तर भागात नळाच्या गवताची बेटं माजली. १९८५-८६ मध्ये साडेआठ हजार टनांच्या घरात असलेली मासळी १९९५-९६ मध्ये जेमतेम बाराशे टनांवर आली. १९८१ मध्ये रामसर या पाणथळ जागा जपण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेलेलं हे सरोवर १९९३ मध्ये त्याच कराराच्या धोक्याच्या नोंदवहीत चढलं.

२३ सप्टेंबर २००० रोजी सातपाड्याजवळ वाळूचा दांडा कापून नवं तोंड उघडलं. खारेपणा परतला, मासळी काही वर्षांतच दहा हजार टनांपलीकडे गेली, इरावती डॉल्फिन सरोवरात अधिक दूरवर दिसू लागले. २००२ मध्ये धोक्याच्या नोंदवहीतून नावही निघालं.

गोष्ट इथं संपवायची पद्धत आहे. मला ती अर्धी वाटते. तोंड उघडलं म्हणून वाळूचं सरकणं थांबलं नाही. आता तर चक्रीवादळंही दांडा फोडतात: २०१३ च्या फायलीननं आणि २०१९ च्या फनीनं नवी तोंडं पाडली. तोंडं वाढली की खारेपणा वाढतो, आणि गोड्या पाण्यावर जगणाऱ्या उत्तर भागाचं गणित बिघडतं. वरून येणारं गोडं पाणीही आता नुसतं पावसाच्या हाती नाही. महानदीवर हिराकुड धरण आहे, नराजला बंधारा आहे, तिथं दारं किती उघडायची यावर चिलिकाचं गोडेपण ठरतं.

सरोवराच्या आत आणखी एक भिंत आहे, बांबू आणि जाळ्यांची. तिला 'घेरी' म्हणतात. कोळंबी पाळायला उथळ पाणी अडवलं की पिल्लांची वाट अडते, प्रवाह मंदावून गाळ बसतो, आणि पिढीजात मच्छीमाराची होडी वळसा घालत राहते. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये चिलिकाभोवतीच्या हजार मीटर पट्ट्यात व्यापारी कोळंबीशेतीला मनाई केली. घेऱ्या उखडल्या जातात, काही महिन्यांनी बांबू पुन्हा रोवलेले दिसतात.