एनसीव्ही नॉर्मल आलं तरी डॉक्टर मोटर न्यूरॉन डिसीज का म्हणतात? थोडी पार्श्वभूमी

घरात कुणाचा हात वाळायला लागला की न्यूरोलॉजिस्ट एनसीव्ही-ईएमजी लिहून देतात, म्हणजे नसांमधून सिग्नल कसा जातो ते बघणारी आणि स्नायूत सुई घालून त्यातली वीज बघणारी तपासणी. एनसीव्ही बऱ्यापैकी नॉर्मल आलं की घरच्यांना हायसं वाटतं, डॉक्टर मात्र गंभीरच असतात, कारण त्यांच्या मनात मोटर न्यूरॉन डिसीज असतो, म्हणजे हालचाल करवणाऱ्या पेशी मरत जाण्याचा आजार. याचं कारण बघायला पार १९व्या शतकातल्या पॅरिसला जावं लागतं.

तिथे १८५० च्या आसपास ड्युशेन आणि अरान यांनी स्नायू झडत जाण्याचा आजार लिहून ठेवला होता, पण मूळ दोष स्नायूत की नसेत हेच ठरत नव्हतं. मग आले न्यूरोलॉजिस्ट शार्को. साल्पेत्रिएर हॉस्पिटलमधे हजारो बायका वर्षानुवर्षं राहायच्या, त्यामुळे शार्को त्यांची लक्षणं हयातीत टिपून ठेवायचे आणि मृत्यूनंतर मज्जारज्जू मायक्रोस्कोपखाली बघायचे. १८६९ पासूनच्या या कामातून १८७४ ला एएलएस (मोटर न्यूरॉन डिसीजचा मुख्य प्रकार) हे नाव आलं, आणि मुद्दा असा की एकाच माणसात दोन बिघाड, स्नायूपर्यंत जाणारी पेशीही मरते आणि मेंदूकडून खाली येणारी तारही.

आजही तपासणीचा जीव यातच आहे. अंगठ्याखालची गादी पार बसलीये, पण मनगटाजवळ हातोडी मारली की तोच हात ताडकन उडतो. वाळलेल्या हाताचा रिफ्लेक्स खरं तर गेलेला असायला हवा ना! तो वाढलाय म्हणजे मेंदूकडून येणारी तारही बिघडलीये. तळपाय खरवडल्यावर पायाचा अंगठा वर जातो का ही त्याच तारेच्या बिघाडाची खूण बाबिन्स्कीची, १८९६ ची. जिभेचं फडफडणं बघताना ती तोंडातच सैल ठेवायला सांगतात, कारण बाहेर काढली की कुणाचीही थरथरते.

ईएमजीची सुई आली १९२९ ला, एड्रियन आणि ब्रॉंक यांची. १९३८ ला डेनी-ब्राऊन आणि पेनीबेकर यांनी स्नायूंचं डोळ्यांना दिसणारं फडफडणं आणि फक्त सुईलाच कळणारं फिब्रिलेशन वेगळं करून दाखवलं, स्पीकरवर ते पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखं ऐकू येतं. १९५०च्या दशकात मेयो क्लिनिकच्या लॅम्बर्टनी या आजाराच्या ईएमजी निदानाचे नियम घालून दिले, त्यातला मोठा हा की संवेदनेच्या नसा नॉर्मल हव्यात. म्हणजे एनसीव्हीचा तो भाग नॉर्मल येणं हे या आजाराच्या विरोधात जात नाही, उलट बाजूनेच जातं.

पुढे १९९० ला स्पेनमधल्या एल एस्कोरियलला एएलएसच्या निदानाचे निकष ठरले, पक्का, बहुधा, कदाचित अशा पायऱ्यांचे, आणि कित्येक पेशंट ‘कदाचित’वरच लटकून राहिले, हे फार क्रूर होतं असं मला वाटतं. २०१९ च्या गोल्ड कोस्ट निकषांनी त्या पायऱ्या काढून टाकल्या.

पण एनसीव्ही करायचंच, कारण १९८८ ला कळलं की नसेत मधेच सिग्नल अडणारा एक आजार हुबेहूब असाच दिसतो, आणि त्याला आयव्हीआयजीने (शिरेतून दिलेल्या अँटीबॉडीजनी) गुण येतो. आणि विशी-बावीसच्या मुलाचा एकच हात वाळत असेल तर मान पुढे वाकवून एमआरआय झालाय का ते विचारा, कारण १९५९ ला जपानच्या हिरायामांनी सांगितलेला आजार आपल्याकडेही बराच दिसतो, आणि तो बहुतेकदा काही वर्षं वाढून आपोआप थांबतो.