औषध जिथे, त्रासही तिथेच

कोटाच्या बाहीवर असतं तेवढं बटण डोळ्यांपुढे आणा. साडेचौदा मिलिमीटर व्यास, एक मिलिमीटर जाडी, रंग सायीसारखा, किंचित पिवळट. मेंदूतली कर्करोगाची गाठ काढल्यावर जी पोकळी उरते, तिच्या आतून अशा जास्तीत जास्त आठ चकत्या बसवतात आणि मग कवटी बंद करतात. चकतीचं नाव ग्लियाडेल, तिच्यातलं औषध कारमुस्टीन. न्यूरोसर्जन हेन्री ब्रेम आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे रॉबर्ट लँगर यांच्या कामातून ती उभी राहिली. अमेरिकेत १९९६ साली तिला परतलेल्या ग्लिओब्लास्टोमासाठी, म्हणजे मेंदूतल्या एका वेगाने वाढणाऱ्या कर्करोगासाठी, मान्यता मिळाली, २००३ साली त्याच जातीच्या नव्याने सापडलेल्या तीव्र गाठींसाठीही (ग्लिओमा).

कारमुस्टीन जुनं औषध आहे. शिरेतून दिलं की ते अंगभर फिरतं. चार-सहा आठवड्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येतात, एकूण मात्रा वाढत गेली तर फुप्फुसं कडक होण्याची भीती असते. आणि ही गाठ तर बहुतेक वेळा जिथून काढली तिथून दोन सेंटिमीटरच्या आतच पुन्हा उगवते. मग औषध सगळ्या अंगाला कशाला? एका चकतीत ते ७.७ मिलिग्रॅम असतं, आठांत मिळून ६१.६. शिरेतून मोठ्या माणसाला एका वेळी याच्या चौपट-पाचपट द्यावं लागतं. चकतीचं पॉलिमर, म्हणजे औषध धरून ठेवणारा प्लॅस्टिकसारखा पदार्थ, ओल लागली की साबणाच्या वडीसारखं बाहेरून झिजतं आणि औषध थोडं थोडं सोडतं. तीन आठवड्यांत पॉलिमरचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग विरघळलेला असतो.

यानं कर्करोग बरा होत नाही, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. नव्या रुग्णांवरच्या २४० जणांच्या चाचणीत औषधाविना चकती बसवलेल्यांपैकी निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले, औषधाची चकती बसवलेल्यांपैकी निम्मे १३.९ महिन्यांहून. या दोन-सव्वादोन महिन्यांसाठी काय जोखीम घ्यायची, ते रुग्णाला आणि घरच्यांना ऑपरेशनच्या आधी नीट कळलं पाहिजे.

अंगभरचे त्रास या पद्धतीत बरेच टळतात. पण औषध मेंदू आणि टाके यांच्या मध्ये बसलेलं असतं, आणि त्याचा त्रासही तिथेच होतो.

पहिली भीती फिटची. गाठ परतलेल्या रुग्णांच्या चाचणीत चकत्या बसवलेल्यांपैकी ज्यांना नव्याने फिट आली किंवा आधीची वाढली, त्यांतल्या ५४ टक्क्यांना ती ऑपरेशननंतरच्या पहिल्या पाच दिवसांतच आली. म्हणून फिटच्या गोळ्या ऑपरेशनच्या आधीच सुरू करतात, आणि घरी आल्यावर एकही वेळ चुकवायची नसते. फिट आलीच तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, घड्याळ बघा. कांदा, चप्पल हुंगवू नका. दातखीळ उघडायला तोंडात चमचा घालू नका. त्यानं दात तुटतात, फिट थांबत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा लगोलग दुसरी आली, तर थेट हॉस्पिटल.

दुसरी गोष्ट जखम. हे औषध वाढणाऱ्या पेशींचा डीएनए बिघडवतं, आणि जखम भरायची तर पेशी वाढाव्याच लागतात. त्यामुळे टाके उशिरा जुळतात, कधी उसवतात, कातडीखाली पाणी साठतं. मेंदूभोवतीचं पाणी जखमेतून बाहेर येण्याचं प्रमाण त्याच २४० जणांच्या चाचणीत चकतीवाल्यांत ५ टक्के होतं, दुसऱ्या गटात १ टक्क्याहून कमी. सकाळी उशीचा अभ्रा ओला दिसला तर घाम समजून धुवायला टाकू नका. आधी टाक्यांकडे बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाणी बाहेर यायला वाट आहे म्हणजे जंतूंना आत जायलाही आहे. ताप, मान ताठ होणं, उजेड सहन न होणं ही मेंदूज्वराची लक्षणं आहेत.

तिसरी, मेंदूची सूज. डोकेदुखी वाढत जाते, उलट्या होतात, माणूस सारखा झोपाळतो, किंवा एक हात साथ देईनासा होतो. यासाठी डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड देतात. त्यानं साखर चढते, भूक वाढते, झोप उडते, म्हणून घरचे कंटाळून ते परस्पर बंद करतात. तसं अजिबात करू नका. ते डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळूच उतरवायचं असतं.

ऑपरेशन थिएटरातली खबरदारी आपल्या हातात नसते, पण माहीत असावी. चकत्या उणे वीस अंशांवर ठेवतात. न उघडलेलं पाकीट बाहेर जास्तीत जास्त सहा तास चालतं. हातमोज्यांच्या दोन जोड्या घालून त्या हाताळतात. दोन तुकडे झालेली चकती चालते, त्याहून जास्त झाले तर टाकून द्यायची. कौलं जशी एकमेकांवर जराशी चढवून शाकारतात तशा त्या लावतात आणि मेंदूवरचं आवरण पाणी झिरपणार नाही असं शिवतात. गाठ काढताना मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला चकतीहून मोठं भोक पडलं असेल तर ते आधी बंद करायचं, मगच चकत्या बसवायच्या, कारण सुटलेली चकती तिथे जाऊन पाण्याची वाट अडवू शकते.

रुग्ण तरुण असेल तर आणखी एक गोष्ट, जी विचारायला माणसं संकोचतात. पोटातल्या बाळाला या औषधाचा धोका आहे. चकत्या बसवल्यावर स्त्रीने सहा महिने आणि पुरुषाने तीन महिने गर्भ राहू न देण्याची काळजी घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईने निदान सात दिवस पाजायचं नाही.

पुढे एमआरआय होत राहतात, आणि चकत्यांभोवतीची सूज त्यात कधी कधी परतलेल्या गाठीसारखी दिसते. आपल्याकडे फाइल पिशवीत घालून माणसं एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात फिरतात. त्या फाइलच्या पहिल्याच पानावर चकत्या किती बसवल्या आणि कोणत्या तारखेला, हे ठळक लिहून ठेवा, आणि फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला दाखवा. पुन्हा ऑपरेशन झालं तर सर्जनलाही ते उपयोगी पडतं, कारण चकत्यांचे अवशेष २३२ दिवसांनीही सापडले आहेत. त्यात बहुतेक पाणी आणि पॉलिमरचे सुटे घटक असतात, औषध जवळजवळ नसतंच.